घरमालकांचे प्रश्न

त्यांच्या घरात जिना चढायचा म्हणजे सातचा पाढा म्हणायचा. तशी सक्ती नव्हती. पण प्रत्येक पायरीच्या उभ्या फळीवर एकेक आकडा चिकटवलेला होता, आणि ते खाली उभे राहून वर जाणाऱ्याकडे असे बघत, की मुकाट्याने चढणं म्हणजे भाडं बुडवून राहण्यासारखं वाटे. मी पहिल्यांदा त्या घरात गेले तेव्हा माझ्या दोन्ही हातांत बॅगा होत्या.

"ओझं असलं की पाढा पक्का होतो," ते मागून म्हणाले. बॅग उचलायला मात्र आले नाहीत.

दहापाशी पाढा संपला, जिना संपला नाही. वरच्या दोन पायऱ्यांवर लाल शाईत सत्त्याहत्तर आणि चौऱ्याऐंशी लिहिलं होतं. इंग्लंडच्या शाळांत पाढे बारापर्यंत शिकवतात, हे त्यांना मनापासून खुपत असे. "आपल्याकडे दहाला माणूस थांबतो, श्वास घेतो. इथे दोन पायऱ्या उगाच," ते म्हणाले. त्याच्याही वर एक पायरी कोरी होती. तिचं काय करायचं हे त्यांचं ठरत नव्हतं, आणि घरातली माणसं जिन्यावर बसायची तर नेमकी त्याच पायरीवर बसायची.

मी त्या वेळी नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरी धरली होती. नवरा आणि मुलगी मँचेस्टरला. मुलीचं जीसीएसईचं, म्हणजे इथल्या दहावीचं वर्ष, शाळा बदलणं शक्य नव्हतं, म्हणून आठवड्याचे दिवस मी नॉटिंगहॅमला खोली घेऊन राहायचं आणि सुटीला घरी जायचं असं आम्ही ठरवलं. हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात नीलिमा होती. तिच्या घराच्या वरच्या मजल्यावर खोली रिकामी होती. "खोली छान आहे," ती म्हणाली, "फक्त आमचे हे आहेत." तिने तेव्हाच पुरेशी कल्पना दिली होती. मी खोलीचा हीटर बघितला, ह्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

हे सॉफ्टवेअर तपासायचे. म्हणजे इतरांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये चुका शोधायच्या आणि त्या लेखी कळवायच्या, याचा त्यांना पगार मिळे. मूळचे नागपूरचे, पुण्यात काही वर्षं काढून इकडे आलेले. काम घरूनच चाले. दिवसभर चुका शोधून झाल्या की दुपारी साडेतीनला शाळेतून सई घरी येई, आणि मग ओव्हरटाइम सुरू होई.

सई त्यांची मुलगी. सहा संपून सातवं लागलेलं. समोरचे दोन दात पडलेले, मोजा एक वर एक खाली, आणि चेहऱ्यावर सदैव चौकशीला बोलावलेल्या माणसाचा भाव. मुलांनी घरी वाचन आणि गणित करावं, आईवडिलांनी त्यात लक्ष घालावं, असं शाळा म्हणे. शाळा बिचारी सगळ्यांनाच म्हणते. बहुतेक आईबाप ते ऐकून टीव्ही लावतात. ह्यांनी ते मनावर घेतलं.

घरात एकही वस्तू बिनकामाची नव्हती. फ्रिजच्या दारावर अपूर्णांक. संडासात घड्याळाचे काटे, पुठ्ठ्याचे, हलवता येणारे. आत गेलेल्या माणसाने बाहेर येण्यापूर्वी "पावणेपाच" लावून दाखवावं अशी अपेक्षा. पाहुण्यांकडूनही. जेवताना पोळी मागायची सोय नव्हती. "अर्धी वाढ" म्हटलं की ते विचारत, "कशाच्या अर्धी?" त्यांना त्यांच्या आजोबांकडून पावकी, निमकी, औटकी असं सगळं पाठ होतं, आणि ते सईच्या डोक्यात उतरवायचा त्यांनी चंग बांधला होता. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. साडेतीनचा पाढा आजच्या जगात कुठे लागतो हे मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "लागेल तेव्हा तुमच्याकडे नसेल."

याचा एक परिणाम असा झाला की सई शाळेत चौऱ्याऐंशी हा आकडा अठ्ठेचाळीस लिहून आली. मराठीत चार आधी ऐकू येतो, ऐंशी नंतर. पोरीने ऐकू आलं तसं लिहिलं. ह्यांनी याचा खुलासा करणारी टीप शाळेच्या वाचनडायरीत लिहिली. वाचनडायरी म्हणजे मुलांसोबत रोज घरी येणारी छोटी वही. पालकांनी त्यात "छान वाचलं" एवढं लिहून सही करायची असते. ह्यांचा मजकूर रकान्यातून बाहेर येऊन समासात चढे, तिथून वळून वरच्या कोपऱ्यात जाई. एकदा त्यांनी शिक्षिकेच्या वाक्यातला स्वल्पविरामही दुरुस्त केला होता. स्वल्पविराम चुकलेलाच होता, म्हणून तर जास्त वाईट.

"अहो, त्या मुलीला तीस पोरं सांभाळायची असतात," नीलिमा म्हणाली.

"म्हणून काय स्वल्पविराम सोडायचा?"

नवराबायकोचं भांडण होत नसे. नीलिमाच्या शिफ्ट असत. ती घरी असताना बहुधा झोपलेली असे, आणि जागी असताना कुकर लावत असे. "मी दिवसभर लोकांच्या आतलं बघते ग," ती मला म्हणे, "घरी आल्यावर बाहेरचंही बघायची ताकद राहत नाही."

बाहेर पडलं की घर संपतं, असं ह्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. ट्रामच्या थांब्यावर ते खड्या आवाजात विचारत, "सई, पुढची ट्राम सात मिनिटांनी, त्याच्या पुढची एकोणीस मिनिटांनी, मध्ये किती?" थांब्यावरची चार गोरी माणसं बूट बघू लागत. मराठी येत नसलं तरी परीक्षा चालू आहे हे कुठल्याही भाषेत कळतं. एकदा एका म्हाताऱ्या बाईने सईला दया येऊन चॉकलेट दिलं. ह्यांनी त्याच्या वड्या मोजायला लावल्या.

गणपतीत मंडळाने त्यांना भाषणाला बोलावलं होतं. विषय त्यांनीच दिला: 'घर हीच शाळा'. आरती झालेली, प्रसादाची शिरा-पुरी पलीकडच्या टेबलावर गार होत होती, आणि ते सांगत होते की मुलाचं रिकामं मिनिट म्हणजे गळका नळ. तरुण आईबाप माना डोलवत होते. कामाच्या व्हिसावर नव्याने आलेल्या एका जोडप्याने तर मोबाइलवर टिपून घेतलं. त्यानंतर सईला कुणाच्या वाढदिवसाला बोलावणं येईनासं झालं. कारण सईबरोबर ते येत, आणि केक कापायच्या आधी कोनांविषयी बोलत.

माझ्यावर त्यांचा विशेष राग होता. दहावीएवढ्या मुलीला दुसऱ्या गावी सोडून राहणारी बाई.

"रोज फोनवर किती वेळ अभ्यास घेता?" त्यांनी मला विचारलं.

"घेत नाही. जेवलीस का विचारते."

"आणि?"

"आणि ती हो म्हणते."

"बस? त्यावर पुढचा प्रश्न नाही?"

"काय जेवलीस विचारते कधीकधी. पण मग ती खोटं बोलते, म्हणून टाळते."

त्यांनी मान हलवली. त्या मान हलवण्यात माझ्या मुलीचे सगळ्या विषयांतले निकाल आधीच लागले होते.

पुस्तकांच्या बाबतीत त्यांची पद्धत ठरलेली होती. शाळेतून रोज एक पातळसं पुस्तक घरी येई. इथे वाचनाच्या पुस्तकांना रंग असतात. वाचता येईल तसा रंग बदलतो, आणि कुठल्या रंगावर कोण आहे यावरून शाळेच्या फाटकाशी आयांमध्ये जी चौकशी चालते तिच्यापुढे जावयाच्या पगाराची चौकशी काहीच नाही. संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी सई पुस्तक उघडून बसे, शेजारी हे. सईने एक वाक्य वाचायचं. वाक्य संपलं की हे थांबवत.

"थांब. 'द डॉग रॅन टू द पॉण्ड.' कोण पळालं?"

"डॉग."

"कुठे?"

"पॉण्डला."

"का पळाला असेल?"

"बाबा, ते next page वर आहे."

"पान उलटण्याआधी अंदाज करता आला पाहिजे. चित्रात बदकं किती?"

"सिक्स."

"त्यातली एकतृतीयांश उडाली तर?"

बदकांच्या हिशेबात कुत्रा तळ्यात पडला की नाही हे कधी कळत नसे. रात्रीच्या जेवणाची वेळ होई, पुस्तक मिटे, सकाळी शाळेत परत जाई. त्या घरात कुठल्याही गोष्टीचा शेवट ऐकलेला मला आठवत नाही. मी वर जाताना रोज ऐकत असे आणि मनात म्हणत असे, आपल्याला काय करायचंय, हीटर चांगला आहे.

सईला शाळा फार आवडे. सुटीच्या दिवशीही ती गणवेश घालून बसे. ह्यांना वाटे, हा आपल्या पद्धतीचा विजय. मी तिला एकदा विचारलं, शाळेत एवढं काय आवडतं? तिने खाली कुणी नाही ना हे बघितलं आणि म्हणाली, "तिथे मला कोणी काहीच विचारत नाही, मावशी. फक्त फ्रेंड्स असतात आणि वाळूचा पिट असतो."

पालकसभा आली तेव्हा नीलिमाची संध्याकाळची शिफ्ट होती. ह्यांना गाडी चालवता येत होती, पण इथलं लायसन्स नव्हतं. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत त्यांनी परीक्षकालाच उलट विचारलं होतं, की हा नियम मुळात कशासाठी आहे. दोन वेळा. तर नीलिमा मला म्हणाली, "प्लीज, तू ने त्यांना. आणि आत जा बरोबर. एकटे गेले तर ती बाई नोकरी सोडेल."

पावसात मी त्यांना शाळेत नेलं. आमच्यासाठी सईच्याच वर्गातल्या खुर्च्या मांडल्या होत्या. ते त्या खुर्चीवर बसले तेव्हा त्यांचे गुडघे कानांच्या रेषेत आले, तरी मांडीवरची फाइल त्यांनी सोडली नाही. शिक्षिका तरुण होती, आवाज बसलेला, हातात गार झालेला चहा. सई गोड आहे, शहाणी आहे, सगळ्यांशी वाटून घेते, असं सगळं सांगून झाल्यावर ती थोडी थांबली.

"वाचनात मात्र ती मागे आहे," ती म्हणाली. "अपेक्षेपेक्षा बरीच. आम्ही तिला वेगळ्या छोट्या गटात बसवणार आहोत, जादा मदतीसाठी."

ह्यांनी फाइल मिटली. मी त्यांना कधी काही मिटताना पाहिलं नव्हतं.

"ते शक्य नाही," ते म्हणाले.

"पहिलं वाक्य ती सुरेख वाचते. मग थांबते. मी वाट बघते. ती माझ्याकडे बघत राहते. शेवटी मी पुढचा शब्द सांगते, तो ती म्हणते, वाक्य संपवते आणि पुन्हा थांबते. मला वाटतं, तिचा आत्मविश्वास कमी आहे. घरी तिच्याबरोबर रोज दहा मिनिटं वाचा. दडपण नको. नुसतं एन्जॉय करा."

"एन्जॉय," ते म्हणाले. तो शब्द त्यांनी चिमटीत धरून बाजूला ठेवला.

परतताना पाऊस चालूच होता. वायपर काचेवर हलत होते. त्यांचे दर मिनिटाला किती फेरे होतात हेही त्यांनी विचारलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा काळजी वाटली. घराच्या दाराशी गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "मी तिला शाळेतून काढणार."

इथे ते करता येतं. शाळेला लेखी कळवायचं की यापुढे आम्ही मुलीला घरीच शिकवू, बस. ह्यांनी ठरवलं की सत्राच्या मधल्या आठवडाभराच्या सुटीनंतर सई शाळेत जाणार नाही. ते नोकरी अर्धवेळ करणार, आणि सकाळी नऊ ते साडेतीन स्वतः शिकवणार. मग साडेतीननंतर, नेहमीप्रमाणे, घरचा अभ्यास. घर हीच शाळा या गोष्टीचा असा शब्दशः अर्थ घेणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

नीलिमाचा चेहरा उतरला. "मी काय करू सांग," ती मला हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये म्हणाली. "नको म्हटलं तर विचारतात, का नको, तीन कारणं दे. मी एकच देते, की पोरगी रडेल. ते म्हणतात, हे कारण नाही, हा परिणाम आहे."

"सईला सांगितलंय?"

"तिने ऐकलंय. काल फ्रिजमागे गणवेश लपवून ठेवला. बाबा तो देऊन टाकतील म्हणून."

मी बिनकामाची कुणाच्या घरात पडत नाही. भाडेकरूने भाडं द्यावं आणि बाथरूम पुसून घ्यावं. पण फ्रिजमागे कोंबलेला तो गणवेश डोक्यातून जाईना.

त्या शनिवारी मी मँचेस्टरला गेले नाही. मुलीच्या चाचण्या होत्या आणि मी आले तर तिला त्रास होतो असं तिने स्पष्ट कळवलं होतं. दुपारी मी खोलीत इस्त्री करत होते. नीलिमा रात्रपाळी करून झोपली होती. ह्यांच्या ऑफिसचा काही तातडीचा घोळ निघाला होता आणि खालून दार लावून घेतल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने सई पुस्तक घेऊन वर आली, पाढा न म्हणता.

"मावशी, मला रीडिंग करायचं. बाबा busy आहे."

"कर की. तिथे बस. इस्त्रीला हात लावू नकोस."

ती बसली आणि वाचू लागली. गोष्ट एका आजोबांची होती, समुद्रावर गेलेल्या. पहिलं वाक्य होतं, की आजोबांना जोरात शिंक आली. तिने ते अस्खलित वाचलं आणि थांबली. मी कॉलर उलटली, बाही घेतली, दुसरी बाही घेतली. खोलीत काही आवाज नाही. वर बघितलं तर ती हातात पुस्तक धरून माझ्याकडे बघत होती. कंटाळलेली नाही, घाबरलेली नाही. नुसती ताटकळलेली.

"काय झालं? शब्द अडलाय?"

"नाही. तू question विचार ना."

"कसला?"

"फुलस्टॉप आला ना. आता तुझा टर्न."

मी इस्त्री उभी केली. "सई, शाळेत मिससमोर पण तू अशीच थांबतेस?"

"हो. पण ती विसरते question विचारायला. मग मी wait करते. मग ती पुढचा वर्ड सांगते, ती अशीच आहे. She's a bit slow, मावशी. पण nice आहे."

मी तिथे बिछान्यावर बसले. हसावं की खाली जाऊन दार ठोठावावं हे मला ठरवता येईना.

"मला एकही प्रश्न नाही," मी म्हटलं. "मला फक्त कळायला पाहिजे की त्या म्हाताऱ्याचं शिंक आल्यावर झालं काय."

"सगळं वाचू? एकदम? Are you sure?"

"मी फोन बंद केलाय बघ."

तिने सगळं वाचलं. आजोबांची कवळी शिंकेबरोबर उडून लाटेत गेली. एक सील ती तोंडात धरून खडकावर बसला आणि सगळ्या किनाऱ्याकडे बघून हसू लागला. एवढ्या मोठ्या शब्दांना ती नुसती टिचकी मारून पुढे जात होती. सीलच्या हसण्याच्या चित्रापाशी ती स्वतःच इतकी हसली, की पडलेल्या दातांच्या फटीतून थुंकी माझ्या इस्त्रीच्या शर्टावर उडाली. शेवटच्या पानानंतर तिने पुस्तक मागेपुढे करून बघितलं.

"संपलं?" ती म्हणाली. "याला एंड आहे!"

रविवारी दुपारी त्यांनी मला खाली जेवायला बोलावलं होतं. टेबलाच्या एका टोकाला लॅपटॉप उघडा, त्यावर शाळेला पाठवायचा मेल लिहून तयार. जेवणानंतर पाठवायचा, असं त्यांनी भात कालवताना जाहीर केलं. नीलिमाने वरणाची वाटी खाली ठेवली. सईने ताटातून वर बघितलं नाही.

"पाठवा," मी म्हटलं. "पण त्याआधी एक सांगते. मुलीला वाचता येतं. तुमच्यापेक्षा बरं येतं. ती प्रत्येक पूर्णविरामापाशी थांबते, कारण तुम्ही तिला थांबायला शिकवलंय. ती बाई प्रश्न विचारायची वाट बघते आहे असं पोरीला वाटतं, आणि पोरगी अडली आहे असं त्या बाईला वाटतं. दोघी सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू झाल्यापासून एकमेकींची तोंडं बघत बसल्यात."

ते माझ्याकडे बघत राहिले.

"म्हणजे दोष माझ्या प्रश्नांचा?"

"हो," नीलिमा म्हणाली. इतक्या पटकन, की तिलाही आश्चर्य वाटलं.

त्यांनी हात धुतला, परत येऊन बसले. "माझ्या वडिलांनी मला आयुष्यात एक प्रश्न विचारला नाही," ते म्हणाले. "मी कितवीत आहे, हेसुद्धा नाही. दहावीचा निकाल मी सांगितला तर म्हणाले, अरे, यंदा होती होय. मी ठरवलं होतं, माझ्या मुलीवर ही वेळ येणार नाही."

अशा वेळी दुसऱ्या बाईने काहीतरी मऊ बोलून घेतलं असतं. मला ते जमत नाही.

"म्हणून त्यांच्या वाट्याचे प्रश्नही तुम्ही तिलाच विचारणार?" मी म्हटलं.

मग त्यांच्यातला तपासनीस जागा झाला, आणि मला खरं तर त्याचाच भरवसा होता.

"चूक असेल तर ती पुन्हा घडवून दाखवता आली पाहिजे," ते म्हणाले. "नाहीतर नुसता आरोप. सई, पुस्तक आण."

"पुन्हा घडवून नाही," मी म्हटलं, "चूक काढून टाकून दाखवायची. अट एकच. पुस्तक संपेपर्यंत तुम्ही गप्प."

"पूर्ण?"

"पूर्ण."

नीलिमा उठली, कपाटातून आलेपाकाची एक जाड वडी काढली आणि त्यांच्या तोंडात घातली. संसारात तिने घेतलेला तो सर्वांत धाडसी निर्णय असावा.

ते सोफ्यावर बसले, शेजारी सई. मी समोर, पंच म्हणून. सईने वाचलं, की आजोबांना जोरात शिंक आली. थांबली. वडिलांकडे बघितलं. त्यांच्या कपाळावरची शीर उठली. शिंक का येते, समुद्रावर कोणते वारे वाहतात, किनाऱ्यावर कुटुंबातली माणसं किती आणि त्यांतली निम्मी किती, हे सगळं त्यांच्या गालात आलेपाकाबरोबर फिरत होतं. ओठ हललेही. आवाज आला नाही.

सईने अजून थोडी वाट पाहिली. मग त्यांच्या बाहीला हात लावून हळूच विचारलं, "बाबा, तुला बरं नाही?"

त्यांनी मान हलवली आणि बोटाने पुढची ओळ दाखवली.

दुसऱ्या वाक्यापाशी ती थांबली, पण कमी. तिसऱ्यापाशी फक्त श्वास घेतला. पान उलटल्यावर तिने त्यांच्याकडे बघणं सोडून दिलं आणि मग ती वाचतच गेली. कवळी उडाली, लाट आली, किनाऱ्यावर धावाधाव झाली. मोठ्या शब्दांपाशी त्यांचा हात उठे आणि मांडीवर परत येई. सहाव्या-सातव्या पानापासून त्यांचा हात उठेनासा झाला. ते पुढे वाकून चित्र बघत होते. खडकावरचा सील आला तेव्हा सई हसली, आणि त्यांच्या तोंडातून एक विचित्र आवाज निघाला. वडी घशात गेली असावी असं मला वाटलं, मी पाणी आणायला उठले. पण ते हसत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आलं जहाल होतं, नीलिमा नेहमी जास्तच घालते.

गोष्ट संपली. सईने पुस्तक मिटलं आणि सवयीने वर बघितलं. आता येणार, या तयारीने तिने खांदे थोडे वर घेतले होते.

ते काही बोलले नाहीत. वडी संपली होती.

"माझ्या बॅगमध्ये अजून एक आहे," सई म्हणाली. "फॉक्सचं. मोठं आहे. आणू?"

त्यांनी मान डोलवली आणि ती जिन्याकडे धावली.

नीलिमा टेबलाशी लॅपटॉपजवळ उभी होती. "अहो," ती म्हणाली, "ते मेलचं काय करायचं? बंद करू?"

"कर. आणि आता मध्ये बोलू नकोस."

मी पाण्याचा पेला हातात घेऊन तिथेच उभी होते. सई पुस्तक घेऊन खाली आली, सोफ्यावर चढली, त्यांच्या दंडाला टेकून पहिलं पान उघडलं. त्यांनी माझ्याकडे मान वळवली, घरात भलत्या वेळी आलेल्या मीटर बघणाऱ्याकडे बघावं तशी.

"तुम्हाला वर काही काम नाही का?" ते म्हणाले. "आम्ही वाचतोय."